सळई झाकण्याआधी गावाला दाखवा

प्रति,
मराठवाड्यातल्या शाळाखोल्या, अंगणवाड्या आणि घरकुलांच्या कामावर देखरेख करणारे व त्यांच्या बिलावर सही करणारे सर्व अभियंता साहेब

साहेब, नमस्कार.

आमच्या गावच्या शाळेच्या तीन नव्या खोल्या ‘काम समाधानकारकरीत्या पूर्ण’ असा शेरा मारून तुमच्यातल्याच एका साहेबांनी ताब्यात दिल्या आहेत. जूनमध्ये तिथं लेकरं बसतील. माझी नातही त्यात आहे, यंदा तिसरीत जाईल. हा शेरा पडायच्या आधी काम चुकतंय असं मी साइटवर तोंडानं सांगून बघितलं, मग लेखी अर्ज दिला. उत्तर आलं की काम अंदाजपत्रकानुसार झालेलं आहे, तक्रारीत तथ्य आढळत नाही. तथ्य बघायला कोण आलं होतं आणि कधी आलं होतं, हे गावात कुणालाच ठाऊक नाही. गुत्तेदाराच्या माणसानं मात्र मला कॉलमजवळ बघितलं होतं. “मिस्त्री, काय बघलालाव? तुमचं वय झालं, आता देवाधर्माचं बघा,” म्हणाला. मी हसलो आणि बघत राहिलो. जे बघितलं ते खाली लिहितो.

गावाचं, गुत्तेदाराचं किंवा त्या साहेबांचं नाव मी इथं घालत नाही. नाव घातलं की भांडण तेवढ्यापुरतं राहतं, बदली होते, आणि शेजारच्या तालुक्यात तीच पद्धत चालू राहते. मला पद्धतीबद्दल बोलायचं आहे.

मी गवंडी आहे. हातात थापी आली ती १९९३ च्या भूकंपानंतर. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चारला काही मिनिटं कमी असताना, आदल्या दिवशी गणपती बुडवून झोपलेली किल्लारी-सास्तूर पट्ट्यातली गावंच्या गावं दगडामातीखाली गेली. मेलेल्यांचा सरकारी आकडाच आठ हजारांच्या घरात आहे. माझे चुलते-चुलती त्यात गेले. भूकंप साधारण ६.२ चा होता. जगात याहून मोठे भूकंप दर वर्षी होतात आणि त्यातल्या कित्येकांत एवढी माणसं मरत नाहीत. इथं मारलं ते घरांनी. माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, गळू नये म्हणून त्यावर मातीचे थरावर थर चढत गेले, जुनी माती कुणी उतरवली नाही. भिंत दोन-अडीच फूट जाड, पण तिचा बाहेरचा पदर वेगळा आणि आतला वेगळा, मधे दगडगोटे आणि माती. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड घातलेला नव्हता, कारण तो लांब दगड शोधायला आणि घडवायला वेळ जातो. हादरा बसला तसे दोन्ही पदर दोन्हीकडं फाकले आणि माळवद खाली आलं. ज्या घरांत लाकडी खांब-तुळयांचे खण होते, तिथं बऱ्याच ठिकाणी भिंती ढासळल्या तरी छत खांबांवर टिकलं. जुनं ते सोनं म्हणणारा कुणी भेटला की मी त्याला ही भिंत समजावून सांगतो.

त्यानंतर ५२ गावं नव्या जागी उठली. बाकीच्या गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण चाललं. त्या कामांवर आलेल्या इंजिनिअर साहेबांनी आम्हा पोरांना हाताला धरून शिकवलं: आरपार दगड कुठं घालायचा, जोत्यावर आणि दरवाजा-खिडकीच्या वर भिंतींना बांधून ठेवणारा पट्टा का फिरवायचा, रिंगचं टोक किती वळवायचं. एक साहेब तर चुकीची रिंग दिसली की ती कापून माझ्याच हातात द्यायचे आणि पुन्हा वळवायला लावायचे. मला जे येतं ते तुमच्याच पेशातल्या माणसांनी दिलेलं आहे. त्यामुळं हे पत्र लिहिताना मी तुम्हाला काही नवीन सांगतोय असा माझा समज नाही. यातलं सगळं तुमच्या पुस्तकात आहे.

पहिलं गाऱ्हाणं रिंगचं. कॉलमच्या उभ्या सळयांना कवेत धरते ती रिंग. भूकंपप्रवण भागातल्या कामासाठी मानक सांगतं की रिंगचं टोक १३५ अंशांत आत वळवा आणि वळणानंतर निदान ६५ मिलिमीटर सळई आतल्या काँक्रीटमध्ये राहू द्या. आमच्या शाळेच्या कॉलमला मी बघितलेली प्रत्येक रिंग ९० अंशांत वळवलेली होती, टोक बोटाच्या एका पेरापुरतं. हादऱ्यात कॉलमच्या बाहेरचं काँक्रीट आधी सुटतं. ते सुटलं की ९० अंशांचं टोक उघडतं, रिंग सैल होते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि वरचा स्लॅब जिथं होता तिथून खाली येतो. आत वळवलेलं टोक मात्र कॉलमच्या गाभ्यात रुतलेलं असतं, त्याला उघडायला जागाच नसते. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला रिंगा जवळ जवळ घ्यायच्या असतात, कारण मार तिथं बसतो. इथं खालपासून वरपर्यंत एकच अंतर होतं आणि तेही ऐसपैस.

यात वाचलं किती, ते मी मांडून बघितलं. आठ एमएमची सळई मीटरला ४०० ग्रॅमही भरत नाही. टोकं नीट वळवायची तर एका रिंगला फार तर दहा सेंटिमीटर जास्त लागते. दहा फुटी कॉलमला तीस रिंगा धरा. जास्तीची सळई झाली तीन मीटर, वजन सव्वा किलोच्या आत, किंमत शंभर रुपयांच्या आत. एवढ्यासाठी कुणी गुत्तेदार श्रीमंत होत नाही. मग असं का होतं? तर सळई वळवणाऱ्या पोरांना मजुरी वजनावर असते. जितके किलो बांधतील तितके पैसे. १३५ अंशांची रिंग वळवायला आणि ती कॉलमवर चढवायला जास्त वेळ खाते, वजन मात्र जवळजवळ तेवढंच भरतं. मोठ्या गुत्तेदारानं छोट्याला दिलेलं, छोट्यानं टोळीला दिलेलं काम. टोळी आपला दिवस वाचवते. त्या पोरांवर माझा राग नाही. त्यांना रिंग कापून परत वळवायला लावणारा माणूस साइटवर नव्हता.

दुसरं गाऱ्हाणं पाण्याचं, आणि यावर मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण मराठवाड्यात सगळ्यात जास्त चोरी याचीच होते आणि तिला सगळ्यांत सोपी सबब मिळते.

सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. हे काम पहिल्या काही दिवसांत होतं आणि ते दिवस गेले की गेले. नंतर टँकरनं आंघोळ घातली तरी उपयोग नाही. मानकात साध्या सिमेंटला कमीत कमी सात दिवस ओलं ठेवायला सांगितलंय. राखमिश्रित सिमेंट असेल किंवा हवा कोरडी-उष्ण असेल तर कमीत कमी दहा. आमच्याकडं दुकानात मिळणारी बहुतेक गोणी राखमिश्रितच असते आणि एप्रिलमधल्या हवेबद्दल मी वेगळं काय लिहू. आमच्या शाळेचा स्लॅब एप्रिलमध्ये पडला. दुसऱ्या दिवशी पाणी मारलं, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एकदा पाइप फिरवला, पुढं काही नाही. वर आळी केली नव्हती, पोती टाकली नव्हती. कॉलमला तर बारदान गुंडाळलेलं मी बघितलंच नाही.

विचारलं तर उत्तर ठरलेलं: “प्यायला पाणी नाही अन् स्लॅबला कुठून आणू?” हे उत्तर ऐकून कुणाचंही तोंड बंद होतं, कारण पाण्याचं दुःख खोटं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते आम्ही भोगलेलं आहे. पण हिशेब करा. पाचशे चौरस फुटांच्या खोलीवर आळी करून दोन इंच पाणी साठवायचं तर सव्वादोन-अडीच हजार लिटर लागतं. उन्हात रोज जे उडून जातं त्याची भर धरली तरी दहा दिवसांचं सगळं मिळून साताठ हजार लिटर. लहान टँकरच्या दोन खेपा. ओली पोती अंथरली तर त्याहून कमी. लाखोंच्या कामात दोन टँकरचे पैसे निघत नाहीत, असं होत नाही. आणि खरंच पाणी मिळत नसेल तर त्या महिन्यात स्लॅब टाकूच नये, एवढं साधं आहे.

इथं मुद्दा गुत्तेदारावरून तुमच्याकडं येतो. निधी मार्च संपता संपता सुटतो. कार्यारंभ आदेश घाईघाईत निघतो. शाळा भरायच्या आत खोल्या हव्यात, म्हणून काँक्रीटचं काम नेमकं एप्रिल-मेमध्ये येतं, जेव्हा ऊन चाळिशीच्या पुढं असतं आणि बोअर गुळण्या टाकत असते. नोव्हेंबर ते जानेवारी, जेव्हा विहिरींना पाणी असतं, हवा गार असते, काँक्रीट घालायला आमच्याकडं याहून बरे दिवस नसतात, तेव्हा तोच कागद कुठल्या तरी टेबलावर मंजुरीची वाट बघत पडलेला असतो. तारखेला काम पूर्ण दाखवायची ही घाई खालून वरपर्यंत सारखीच. मालवणला राजकोट किल्ल्यावर शिवरायांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनाला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. तारीख पाळली गेली होती. पुतळ्याला पहिला पावसाळा निघाला नाही.

पाण्याचीच दुसरी बाजू म्हणजे माल कालवताना. तिथं मात्र पाण्याची टंचाई नसते! ५० किलोच्या गोणीला, एम-२० ताकदीच्या काँक्रीटच्या कामात, वाळूतला ओलावा धरून फार तर २७-२८ लिटर पाणी चालतं. मिक्सरवरचा पोरगा पाइप सोडून उभा राहतो. माल पातळ झाला की घमेल्यातून भराभर ओतता येतो, सळयांमधून आपोआप पळतो, व्हायब्रेटर लावायची गरज वाटत नाही, दुपारपर्यंत स्लॅब उरकतो. ते जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागं बारीक छिद्रं ठेवून जातं. घालताना पाणी जास्त, घातल्यावर पाणी नाही. नेमकं उलटं.

तिसरं, टेकू. सेंट्रिंगच्या प्लेटा आणि बल्ल्या भाड्यानं येतात, दिवसाचं भाडं चढतं, आणि पुढच्या साइटला त्याच लागतात. वर्गखोलीच्या तुळईखालचे टेकू सहा मीटरपर्यंतच्या गाळ्याला १४ दिवस हलवायचे नसतात, त्याहून लांब असेल तर २१. आमच्याकडं आठवडा पुरा व्हायच्या आत खालून मोकळं मैदान झालं होतं.

चौथं, कव्हर. स्लॅबची सळई प्लेटवर टेकू नये म्हणून तिच्याखाली २० मिलिमीटरची गोळी ठेवतात, कॉलमला ४०. सिमेंट-वाळूच्या या गोळ्या साइटवर फुकटात होतात. त्या नव्हत्या; खडीचे तुकडे सरकवले होते आणि माणसं चालली तसे तेही निसटले. वर्गाच्या छताखाली उभं राहून नीट बघितलं तर प्लास्टर करायच्या आधी दोन ठिकाणी सळईची ओळ डोळ्यांना दिसत होती. चार-पाच पावसाळ्यांत ती गंजून फुगेल आणि छताचे पापुद्रे पडायला लागतील. तेव्हा लोक म्हणतील शाळा जुनी झाली.

कॉलमच्या बुडाशी पोकळ जागा होत्या, खडी मोकळी दिसत होती. सिमेंटचा हात फिरवून त्या बुजवल्या. यावर जास्त लिहीत नाही. प्लास्टर फोडलं की दिसेल.

पाचवं गाऱ्हाणं कागदाचं आहे, आणि खरं सांगायचं तर वरची चारही त्याच्यातून निघतात. तुमच्या मोजमाप पुस्तिकेत, ज्याला आपण सगळे एमबी म्हणतो, लांबी, रुंदी, उंची आणि नग असे रकाने असतात. त्यामुळं स्लॅबची लांबी कधी कमी भरत नाही, सळईची संख्याही बहुतेक वेळा बरोबर असते. रिंगचं टोक किती वळलं, पाणी किती दिवस मारलं, टेकू कोणत्या तारखेला काढले, याला त्या पुस्तिकेत रकाना नाही. जे मोजलं जातं ते पुरं होतं, जे मोजलं जात नाही ते कापलं जातं. घरकुलाचंही तेच. हप्ता सुटायला जागेच्या खुणेसह फोटो लागतो, फोटोत जोतं दिसतं, छत दिसतं, घराचा मालक दिसतो. समोरून काढलेल्या फोटोत कॉलमच्या आतलं काय दिसणार? आणि घरकुलाचे मूळचे १ लाख २० हजार रुपये असलेल्या माणसाला काळ्या रानात मुरुम लागेपर्यंत पाया न्यायचा की भिंत पुरी करायची, यातलं एकच परवडतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडून आकसते, आणि उथळ पायाचं घर तिच्याबरोबर दर वर्षी वर-खाली होतं. त्याला तडा गेला की म्हणतात, लाभार्थ्यानं काम नीट केलं नाही.

क्यूबचा प्रकार तर साइटवरच्या पोरांनाही पाठ आहे. तपासणीसाठी काँक्रीटचे ठोकळे भरायचे असतात, २८ दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून त्यांची ताकद बघायची असते. ते ठोकळे ज्या मालाचे भरतात तो माल वेगळा कालवता येतो, त्यांना पाण्याच्या टाकीत इमानानं २८ दिवस बुडवून ठेवता येतं. मग अहवाल उत्तम येतो. ठोकळ्याला मिळालेलं पाणी स्लॅबला मिळालं का, हे अहवालात नसतं.

तुमच्याकडून काय उत्तर येईल हे मला माहीत आहे. तुमच्यातले काही जण चांगले आहेत आणि त्यांनी चहा घेता घेता मला ती उत्तरं दिलेलीही आहेत.

एक म्हणजे माणसं कमी. एका कनिष्ठ अभियंत्याकडं इतकी गावं असतात की प्रत्येक स्लॅबला उभं राहणं जमत नाही. मान्य. म्हणून तर मी म्हणतोय की तुमच्या जागी गावाला उभं राहू द्या. दुसरं म्हणजे टेंडर अंदाजपत्रकाच्या कितीतरी खाली जातं, मग गुत्तेदार कुठून भरून काढणार? पण इतक्या कमी दरात हे काम होणार नाही हे तुम्हाला टेंडर उघडतानाच दिसत असतं. तेव्हा सही करायची आणि नंतर परवडत नाही म्हणायचं, हे हिशेबात बसत नाही. टक्केवारीचा विषय मी या पत्रात काढत नाही. तो सिद्ध करायची जागा वेगळी आहे.

तिसरं उत्तर मला सगळ्यांत जास्त झोंबतं: “मिस्त्री, भूकंप काय रोज होतो?” १९९३ च्या आधी आमचा भाग नकाशावर सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. १९९२ मध्ये किल्लारी भागात धक्के बसत होते, लोक रात्री बाहेर झोपत होते, पुढं सवय झाली आणि पुन्हा माळवदाखाली गेले. २००२ मध्ये नकाशा बदलला आणि आम्ही तिसऱ्या विभागात आलो. २०२४ मध्ये २१ मार्चला आणि पुन्हा १० जुलैला हिंगोली जिल्ह्यात ४.५ चे धक्के बसले, नांदेड-परभणीपर्यंत माणसं घराबाहेर पळाली. आणि २६ जानेवारी २००१ ला भुजचा भूकंप झाला तेव्हा केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत सिमेंट-सळईच्या नव्या बहुमजली इमारती कोसळल्या. सिमेंट आणि सळई वापरली म्हणजे घर पक्कं झालं, ही समजूत तिथं मोडली असं आम्हाला वाटलं होतं. शिवाय शाळा पडायला भूकंपच लागतो असंही नाही. २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावात पावसात शाळेचं छत कोसळून सात लेकरं गेली. तिथं जमीन हललेली नव्हती.

दगडाचं, चुन्याचं चांगलं कामही याच मुलखात आहे, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बंधारा आहे आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. चारशे वर्षं झाली, पावसाळ्यात अजून त्याच्या अंगावरून नदी कोसळते आणि माणसं आत उभी राहून बघतात. मी सुट्टीच्या दिवशी तिथं जातो ते सांधे बघायला. बांधणाऱ्यांकडं प्रयोगशाळा नव्हती. पण कुणीतरी प्रत्येक दगड बसताना बघत असणार.

आता मागण्या. त्यातली पहिली आमच्या गावापुरती, बाकी सगळ्यांसाठी.

आमच्या तीन खोल्यांत लेकरं बसवायच्या आधी गावासमोर तपासणी करा. कोणत्या कॉलमचं प्लास्टर फोडायचं ते गुत्तेदारानं नाही, गावानं दाखवायचं. रिंग दिसेपर्यंत फोडा. स्लॅबचा गोल तुकडा काढून त्याची ताकद शासकीय तंत्रनिकेतनाच्या किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बघा. काम चांगलं निघालं तर प्लास्टर परत करायचा खर्च मी देईन आणि स्वतःच्या हातानं करीन. वाईट निघालं तर कॉलमना बाहेरून मजबुती देता येते, ती गुत्तेदाराच्या खर्चानं, दोष-दायित्वाच्या मुदतीतच, म्हणजे कामातले दोष दुरुस्त करायची जबाबदारी त्याच्यावर असते तोवरच, व्हावी. तोपर्यंत वर्ग जुन्या खोलीत आणि समाजमंदिरात भरवायला गाव तयार आहे.

यापुढं कुठल्याही सरकारी इमारतीचं पायाचं, कॉलमचं किंवा स्लॅबचं काँक्रीट घालायच्या निदान एक दिवस आधी सूचना शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे. त्या दिवशी सळई उघडी ठेवायची आणि कुणालाही बघू द्यायची. शाळेच्या कामात शाळा व्यवस्थापन समितीच्या दोन सदस्यांची सही असल्याशिवाय मिक्सर चालू करायचा नाही. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. “त्यांना काय कळतं?” असं म्हणू नका. भूकंपानंतरच्या दुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या बायकांनी संवाद सहाय्यक म्हणून काम केलं, घराघरांत जाऊन पट्टा आणि आरपार दगड समजावून सांगितला. त्यांतल्या बऱ्याच जणी शाळेत गेलेल्या नव्हत्या. रिंगचं टोक आत आहे की बाहेर, हे एका दुपारी शिकता येतं. शिकवायला मी येतो, जाण्यायेण्याचं भाडंही मागणार नाही.

पाणी मारण्याची वही ठेवा. रोजची तारीख, वेळ, आणि गुत्तेदाराबाहेरच्या एका माणसाची सही. दहा दिवस भरल्याशिवाय स्लॅबचं बिल निघू नये. अंदाजपत्रकात पाण्याची आणि बारदानाची रक्कम वेगळी दाखवा, म्हणजे ती कुणाला खिशात घालता येणार नाही. टेकू काढायची तारीखही त्याच वहीत लिहा. टंचाई जाहीर झालेल्या गावात एप्रिल-मेमध्ये स्लॅब टाकायला परवानगी देऊ नका. निधी मार्चमध्ये आला तर तो पुढच्या नोव्हेंबरात वापरता येईल अशी सोय वरच्या साहेबांकडून करून घ्या. ते तुमच्या हातात नसेल, पण तसं लेखी मागणं तुमच्या हातात आहे.

क्यूब मिक्सरमधून निघालेल्या मालाचे, समितीसमोर भरावेत; ओल्या काँक्रीटवरच तारीख आणि सही कोरावी. अहवाल शाळेच्या भिंतीला चिकटवावा.

रिंगची मजुरी वजनावर न देता नगावर द्यायची अट निविदेतच घाला. आणि गवंड्यांना, सळईवाल्यांना भूकंपरोधक कामाचं प्रशिक्षण पुन्हा सुरू करा. १९९३ नंतर शिकलेले आम्ही आता साठीकडं चाललो आहोत. आमच्या मागं आलेल्या पोरांना कुणी काहीच शिकवलेलं नाही, ते एकमेकांचं बघून करतात.

या पत्राचं उत्तर पंधरा दिवसांत मिळावं अशी अपेक्षा आहे. माहिती अधिकार कायद्यात कागदपत्रांबरोबरच कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकार नागरिकाला दिलेला आहे. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर आमच्या खोल्यांची एमबी, क्यूबचे अहवाल आणि कॉलमचा नमुना मी त्या कायद्याखाली मागणार आहे. अर्ज लिहून झाला आहे, दहा रुपयांचं तिकीटही लावलं आहे. शेजारच्या चार गावांतल्या मिस्त्र्यांनी आपापल्या गावच्या अंगणवाडीसाठी त्याची नक्कल नेली आहे.

कळावे,

आपला,
लातूर-धाराशिवच्या शिवेवरच्या एका गावचा गवंडी